पोपटाचं कपाट

१९६४ साली रफिक शारजात एका इंग्रज साहेबाकडे स्वयंपाकी होता. साहेबाला विचारून त्याने आपल्या वडिलांना बंगल्यावर आणलं. रत्नागिरीत जन्मभर सुतारकी केलेले खैरुद्दीन आता पार आंधळे झाले होते.

“अब्बा, हेच ते दोनशे वर्षांचं युरोपातलं कपाट. दारावर पोपट आहे. रंगवलेला नाही, वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे बसवून केलाय.”

खैरुद्दीनने दारावरून बोटं फिरवली, नखाने चाचपलं, शेवटी गाल टेकवला.

“कुठंय पोपट?”

“तुमच्या हाताखालीच आहे.”

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

रफिक कळवळला. “दिसत नाही म्हणून वाईट वाटलं ना? उगाच आणलं तुम्हाला.”

“त्यासाठी नाय रडत, बाळा. हाताला एक सांधा लागत नाही, असं काम आज पहिल्यांदा बघितलं.”