काठीचं अंतर

"देव बदलला म्हणून जात सुटती व्हय?" दाराआडून कुरकुरत साळूबाईनं ऊन पाण्याचं पातेलं काठीनंच खोलीत सरकवलं. आत तिची सून अडली होती. भोरहून छकड्यातून आणलेली ख्रिस्ती नर्स एस्तेर याच आंबवड्याच्या गावकुसाबाहेर जन्मलेली. मूल झालं, पण निळं, गप्प. सुनेचं रक्त थांबेना, म्हणून एस्तेरचे दोन्ही हात तिथंच गुंतले. "कुणीतरी बाळाला चोळा!" पण ते एस्तेरच्या मांडीवर होतं, उचलायचं तर तिला शिवायला हवं. दारातल्या बाया एकमेकींकडं पाहत राहिल्या. "प्रभू, कुणालातरी धाड," एस्तेर आढ्याकडं बघत पुटपुटली. काठी पडल्याचा आवाज आला. पदर खोचून आली ती साळूबाई. देवाला हीच सापडली? म्हातारीनं बाळ उचललं, खसाखसा चोळलं. ते रडलं. "बघताय काय?" ती कडाडली. "व्हय, शिवले म्या! ह्या नर्सबाईला पाणी द्या, आपल्या तांब्यातनं."