मुखवटेवाल्याचा आवाज

मला वाचता येत नव्हतं तेव्हा थोरला दादा मुखवटेवाल्याचं कॉमिक मोठ्यानं वाचून दाखवायचा. तो बोलताना अडखळायचा, त्यामुळे मुखवटेवालाही अडखळतो, असंच मी धरून चाललो. पुढे स्वतः वाचायला लागलो, तरी कानात दादाचाच आवाज यायचा. गेल्या वर्षी दादा गेला. आज त्याच कॉमिकची मालिका टीव्हीवर सुरू होणार म्हणून नात सकाळपासून उड्या मारत होती. "आजोबा, तुमचाच हिरो, आणि तुम्हीच तोंड पाडून बसलात?" पडद्यावर मुखवटेवाला छपरावरून उतरला, रडणाऱ्या मुलाजवळ वाकला. तो बोलणार, इतक्यात मी रिमोटनं आवाज बंद करून टाकला. "अहो, काय म्हणाला तो?" नात ओरडली. वाक्य मला पाठ होतं. "घा-घाबरू नकोस, मी आ-आलोय," मी म्हणालो. "हॅ, आजोबा! असा थोडाच बोलतो तो?" म्हणत तिनं रिमोटसाठी हात पुढे केला.