भोंग्याखालची मैफल

घनसावंगीजवळच्या वस्तीवर अंगद आठ वर्षं एकटाच लॅपटॉपवर काळोखं संगीत रचत होता. कोरड्या विहिरीतली घुमणारी हाक, बोअरच्या मोटारीचा हुंदका, असं काय काय त्यात विणलेलं असायचं. नेटवर टाकलेलं त्याचं गाणं लोक अर्ध्या मिनिटात सोडून द्यायचे.

"ह्याला गाणं म्हणावं का भुताचं रडणं?" असं वडील, राधाकिसन, नेहमी म्हणायचे. पण मक्याच्या कणसात दाणा भरला, रानडुकरं शिरू लागली, तसं त्यांनीच विषय काढला. "अंगद्या, ते तुझं भेसूर दे की रानातल्या भोंग्यावर लावून. डुकरं पळाली तर खुशाल वाजवीत बस जल्मभर. न्हाई पळाली, तर मंग मामाच्या खताच्या दुकानावर जायचं. बराबर?"

चार दिवस डुकरं फिरकलीसुद्धा नाहीत. अंगदच्या जिवाला पालवी फुटली.

पाचव्या दिवशी पहाटे वडिलांनी त्याला हाताला धरून रानात नेलं. दोन एकर मका आडवा झाला होता, आणि पोटभर खाल्लेलं डुकरांचं अख्खं खानदान पिलांसकट भोंग्याखाली निवांत पडलं होतं. "बघ तुझी मैफल," म्हणत त्यांनी लेकाच्या हातात धोंडा दिला. "हाण आता."



गाणं अजून चालूच होतं, आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच ते मधेच सोडून कुणी गेलं नव्हतं. अंगदचा हात काही केल्या उचलेना.