एस्त्रिडचा मुलगा

“रुखमीचं नाव काढू नको,” केशवराव मास्तर म्हणाले. “दुसरं काही माग.”

मास्तरांच्या मुलीला मागणी घालायला आलेल्या टेकचंदने कपबशी खाली ठेवली. नकार आलाच तर कशामुळे येईल, हे त्याने वाटेत मनाशी पडताळून पाहिलं होतं. समाज एकच होता. तो बी.एस्सी. झाला होता आणि यंदापासून, चौऱ्याहत्तरच्या जानेवारीपासून, लाखनीच्याच शाळेत विज्ञान शिकवत होता. उरत होतं एकच कारण, आणि ते मास्तर काढतील असं त्याला वाटलं नव्हतं.

“माझ्या बापाचं नाव नाही म्हणून?”

“मी असं म्हणीन?”

मास्तर तसं म्हणणारे नव्हतेच. टेकचंदची आई सुमित्राबाई विणकराची विधवा. नवरा गेल्यावर काही वर्षांनी ती सानगडीला मावशीकडे जाऊन राहिली आणि परतली ती कडेवर लेकरू घेऊन. कोणाचं, ते तिने सांगितलं नाही. रहाटावर विणकरांच्या सुताच्या कांड्या भरून तिने त्याला वाढवलं. शाळेत घालताना मास्तरांनी स्वतःच्या हाताने त्याचं नाव लिहिलं, टेकचंद सुमित्रा.

पोरं त्याला ‘सुमित्रीचा’ म्हणून रडवायची. तेव्हा एक दिवस मास्तर एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन वर्गात आले आणि त्यांनी डेन्मार्कच्या राजाची गोष्ट सांगितली. स्वेन त्याचं नाव. बाप मोठा सरदार होता, पण गादीचा हक्क आईकडून आला, एस्त्रिडकडून. म्हणून राजा जन्मभर एस्त्रिडचा मुलगा म्हणूनच ओळखला गेला. पुढे त्याचे पाच मुलगे एकामागून एक गादीवर बसले.

पोरं त्याला ‘डेन्मार्क’ म्हणू लागली. त्या नावाने रडू येत नव्हतं. नंतर वह्या, पुस्तकं, नागपूरचं वसतिगृह, सगळं मास्तरांनीच पाहिलं.

“त्या राजाची गोष्ट मी तुम्हा पोरांले अर्धीच सांगितली होती,” मास्तर आता म्हणाले. “त्याने राणी केली, गुनहिल्ड नावाची. बिशपाचा निरोप आला, ती तुझ्या नात्यातली आहे, हे लग्न चालणार नाही. राजा भडकला. फौज घेऊन येतो म्हणाला. पण शेवटी धाडलं तिले माघारी.”

“किती जवळचं नातं होतं?” टेकचंदने विचारलं. प्रयोगाची नोंद घेताना विचारावं तसं.

मास्तरांनी मान वर केली नाही. “राजाचं लांबचं होतं.”

टेकचंद उठला. अंगणात रुखमी लाखोरीच्या डाळीचे दाणे पाखडत होती. तिने सूप थांबवलं.

“काय म्हणते डेन्मार्क? बाबांनी परीक्षा घेतली का? नापास झाला वाटते.”

तिने त्याच्या बाहीवर बसलेला कोंडा झटकायला हात पुढे केला. तो मागे सरला. आठ-पंधरा दिवसांपूर्वी तलावापलीकडच्या मोहाच्या झाडाखाली त्याने हाच हात धरून ठेवला होता, आणि नुसता हातच नाही.

“येतो,” म्हणून तो निघाला.

घरी सुमित्राबाई रहाटावर बसली होती.

“माय, मास्तर माझे बाप होत?”

रहाट थांबला. “कोनं सांगतलं?”

“त्यांनीच.”

ती बराच वेळ सुताचं टोक शोधत राहिली. मग तिने पुन्हा चाक फिरवलं. “मंग खरंच असन.”

रुखमीला कोणी काही सांगितलं नाही. टेकचंद रस्ता बदलून जायला लागला, एवढंच तिला कळलं. मे महिन्यात तिचं लग्न गोंदियाच्या एका स्थळाशी ठरलं. पत्रिका द्यायला मास्तर स्वतः आले.

“नवरदेवाचा कान पिळायले, नवरीच्या ओंजळीत लाह्या द्यायले भाऊ लागते,” ते म्हणाले. “तू असताना मी दुसऱ्याले काहून सांगू?”

टेकचंद हो म्हणाला. तेवढं तरी आपण मास्तरांचं देणं लागतो, असं त्याला वाटलं.

मांडवात त्याने नवरदेवाचा कान पिळला. लोक हसले. मग तो लाह्या घेऊन रुखमीसमोर उभा राहिला. तिने ओंजळ पुढे केली.

“भाऊच व्हायचं होतं तर मोहाखाली कायले आणलं?” ती त्याच्यापुरतं बोलली.

निम्म्या लाह्या खाली सांडल्या. बायका म्हणाल्या, सख्ख्या भावालेही एवढं भरून येत नाही.

दिवस कलता वऱ्हाडाचा ट्रक हमरस्त्याला लागला. टेकचंद घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. आईने पुढे केलेलं पाणी त्याने घेतलं नाही.

“मी बहिणीले हात लावला, माय,” तो म्हणाला. “तुले समजते ना, कसा ते? मले हे अंग नको वाटते. मी तलावाकडे चाललो होतो. वाटेत घर लागलं म्हणून थांबलो.”

सुमित्राबाईच्या हातातला लोटा कलंडला. ती त्याच्याजवळ बसली. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून तिने स्वतःकडे वळवलं.

“नाही रे बाबू. तुह्या हातून काहीच पाप नाही झालं. मास्तरचं लेकरू सानगडीले मेलेलंच झालं. मास्तरले मी हे सांगतलंच नाही. तुले मी धान कापायले आलेल्या एका बाईपासून मागून आणलं, तिले तू जड झाला होता. हे बोलली असती, तर तू मले माय म्हटलं असतं का?” ती पदराने त्याचे डोळे पुसू लागली. “आता तरी मन मोकळं कर. रुखमी तुही कोणीच लागत नाही.”