कड्यावरची झिलई

कडं पुसायचं ते कोरड्या, मऊ फडक्यानंच. सरोजनं चष्म्याच्या डबीतलं फडकं काढून नवऱ्याच्या मनगटावरून हलक्या हातानं फिरवलं. पावडर नाही, चिंच नाही, साबण तर नाहीच. घासलं की रोडियमचा मुलामा जातो, आणि मुलामा गेला की खालची चांदी काळी पडायला मोकळी.

"चकाकतंय ना?" गुरुनाथनं डोळे न उघडताच विचारलं.

"चकाकतंय."

खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या सासूबाईंनी, इंद्रायणीबाईंनी, मान पुढे करून कडं बघितलं आणि पुन्हा जपाची माळ ओढायला घेतली. सरोजला हायसं वाटलं. आजचा दिवस तरी निभावला.

कडं सासऱ्यांचं. त्यांच्या शेवटच्या आजारात ते काळंठिक्कर पडलं होतं. अंगातला जीव उतरायला लागला की चांदीला आधी कळतं, हे तेव्हापासून इंद्रायणीबाईंच्या मनात पक्कं बसलेलं. सरोज शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. घामातल्या आणि हवेतल्या गंधकानं चांदी काळवंडते, हे तिनं मुलांना शंभरदा फळ्यावर लिहून दिलं होतं. पण सासूबाई काही नववीच्या वर्गात बसत नव्हत्या.

दिवाळीच्या तोंडावर मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी गुरुनाथच्या यकृताचे कागद तिच्याकडे परत दिले आणि म्हणाले, आता घरीच ठेवा. हवाई दलातून निवृत्त होऊन इकडे उत्तरेतच डेराबस्सीच्या औषध कारखान्यात नोकरी धरलेला माणूस, एका हंगामात अंथरुणाला खिळला. आईंना सांगितलं, कावीळ आहे, वेळ लागेल. ऐंशी वर्षांची बाई, हृदयाचं एक ऑपरेशन झालेलं. खरं कोणत्या तोंडानं सांगायचं?

पण तोंडं गप्प ठेवता येतात, चांदी नाही. म्हणून सरोजनं कडं सेक्टर २२च्या बाजारातल्या सराफाकडे नेऊन त्यावर रोडियम चढवून आणलं. चार महिने झाले, त्यावर काळा ठिपका नव्हता.

बाकी सगळं मात्र उतरणीला लागलं होतं. सकाळी सातला शाळा, दोनला घर, मग औषधं, चादरी, पेज, वह्या. भाजीवालीनं "कैसे हैं जी भाईसाहब?" विचारलं की "अच्छे हैं" म्हणायचं. त्यात आईंचं दंतमंजन महिन्यात दोनदा संपायचं. तोंडात चार दात, आणि डबे दोन! सरोज आणून द्यायची. वाद घालायलाही अंगात बळ लागतं.

मनगट इतकं वाळलं की कडं कोपरापर्यंत घसरायला लागलं. शनिवारी ती ते घेऊन पुन्हा त्याच सराफाच्या, श्यामसुंदरच्या दुकानात गेली. थोडं आवळायचं आणि नवा मुलामा द्यायचा.

श्यामसुंदरनं भिंग डोळ्याला लावलं.

"मैडमजी, इस पर रोडियम है कहाँ?"

"आप ही ने तो किया था. दीवाली से पहले."

"किया था जी. पर ये खरोंचें देखो, बारीक-बारीक. किसी ने मंजन से रगड़ा है, रोज़ का रोज़. रोडियम तो कब का उतर गया. उसकी चमक नीली-सी होती है, ये तो सीधी नंगी चाँदी है."

"नंगी चाँदी होती तो काली पड़ती. एक दिन भी नहीं पड़ी."

"पड़ती होगी," तो भिंग खाली ठेवत म्हणाला. "आपके देखने से पहले कोई चमका देता होगा."

सरोजनं कडं उचलून उजेडाकडे धरलं. आपण रोज हातात घेतो ते कडं, त्याचा रंग बदललेला आपल्याला कळला नाही? तिला स्वतःची लाज वाटली. चार महिने ती कशाकडेच धड बघत नव्हती, नुसती उरकत होती.

तिनं ते फक्त आवळून घेतलं. घराचा जिना चढताना तिच्या डोक्यात हिशोब जुळला. मंजन म्हणजे सासूबाईच. म्हणजे त्यांनी कडं काळं पडलेलं बघितलं. एकदा नाही, रोज. म्हणजे मुलगा हातातून चाललाय हे त्यांना माहीत आहे, आणि ते दुःख त्या एकट्या उराशी धरून बसल्यात. मग आता लपवायचं तरी काय? आईंना जवळ घेऊन एकदाचं सगळं सांगून टाकावं, दोघींनी मिळून रडावं, असं तिला फार वाटलं. पण रविवारी पाहुणे होते.

सोमवारी आईंशी बोलायचंच असं ठरवून, पहिले दोन तास शिकवून ती शाळेतून लवकर निघाली. किल्लीनं दार उघडून आत आली. खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून दिसलं, इंद्रायणीबाई खाटेला टेकून बसल्या होत्या, गुरुनाथचा हात त्यांच्या मांडीवर होता आणि त्या चिंधीनं कडं घासत होत्या. तो जागा होता.

"आटप आई," तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "उद्यापासून राहू दे. तुझा खांदा दुखतो."

"दुखू दे. पोर रोज सकाळी आधी कडं पुसते, न्याहाळते, मग कुठे तिच्यात कामाला जायचं बळ येतं. तिला वाटतंय, तू बरा होतोयस. माझ्या हातात जोर आहे तोवर सरोजला कळू द्यायचं नाही."