चेहरा दाखवून विचारा

“चिठ्ठ्या नकोत,” आयोजक म्हणाला. “लोक तोंडाने विचारतील, तुम्ही तोंडाने उत्तर द्या. लपवण्यासारखं काही नाही ना? मग घाबरता कशाला?”

कार्यक्रम संपला होता, पण लोक खुर्च्या सोडायला तयार नव्हते. स्टेजवर तिघं. मधे ताई, गाणारी. तिच्या शेजारी पेटीमास्तर, इतके चिकटून की पेटी तिच्या गुडघ्याला टेकलेली. मागे तिचा थोरला भाऊ, डफ वाजवणारा. त्याला सगळं जग दादा म्हणायचं.

चौथा, बासरीवाला, गेल्या महिन्यात फुटला होता. जाताना आग लावून गेला. ‘त्यांच्यातल्या एकाचे कान गेलेत,’ असं दिसेल त्याला सांगत सुटला. एकाचे म्हणजे कोणाचे, हे विचारायची कोणाला गरजच वाटली नाही. अर्धं आयुष्य डफ बडवणारा माणूस. त्याचेच जाणार.

आयोजकाच्या खिशात मोठ्या दौऱ्याचा करार होता. बहिऱ्याला घेऊन तो एक पाऊल टाकणार नव्हता. आणि दौरा गेला की बँड मोडला, हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. दुसरं कोणी त्यांना दारात उभं करत नव्हतं.

“विचारा,” ताई म्हणाली. “पण हॉलचे सगळे दिवे लावा. उभं राहून विचारा. माईक हनुवटीखाली धरा, वर धरला की शिट्टी मारतो. आणि चेहरा दाखवा जरा. चाहते आहात, चोर नाही.”

लोक हसले. आयोजक हसला नाही.

कॉलेजातली एक मुलगी उभी राहिली. “ताई, दौऱ्यात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?”

“मास्तरांच्या मोज्यांचा.”

“धुतलेत मी!” पेटीमास्तर ओरडले.

“कधी, तेही सांगा.”

दुसरा उठला. “गाडीत भांडणं होतात का?”

“रोज. पण नियम आहे. भांडायचं ते समोरासमोर. जो पाठीमागून बोलेल त्याने आठवडाभर सगळ्यांची भांडी घासायची.”

“बासरीवाल्याने लई घासली,” मास्तर म्हणाले.

“तुमची गाडी रात्री जाते तेव्हा आतला दिवा चालूच असतो,” एक दुकानदार म्हणाला. “झोपत नाही का तुम्ही?”

“मास्तर अंधाराला भितात.”

पुन्हा हशा. मग मागच्या खांबाआडून कोणीतरी काहीतरी विचारलं. माणूस दिसत नव्हता. ताईने शांतपणे पाण्याची बाटली उघडून तोंडाला लावली. लोक वळून खांबाकडे बघायला लागले.

“हे मी सांगतो!” मास्तरांनी घाईघाईने माईक ओढला. “आधी शब्द की आधी चाल? आमच्याकडे आधी चहा!”

आयोजकाची नजर दादावरून हलत नव्हती. दादा खाली मान घालून फडक्याने डफ पुसत होता. खांबाकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

आयोजक उठला, बाजूच्या दाराने पडद्यामागे गेला.

“दादा इतके जवळ का बसतात?” पहिल्या रांगेतल्या आजी विचारत होत्या. “डफ पाठीला लागतोय की तुमच्या.”

“लहानपणी एका अंथरुणात झोपायचो, आजी. तेव्हाही हा असाच—”

पडद्यामागे दोन पातेल्यांची झाकणं एकमेकांवर आदळली. कानाचे पडदे फाटतील असा आवाज. पुढच्या रांगा दचकून मागे सरकल्या. मास्तर गर्रकन वळले. दादाचा हात डफावरून फिरतच राहिला. “—लाथा मारायचा,” हे ताईचं पुढचं बोलणं कोणाच्या ध्यानातही आलं नाही. सगळा हॉल दादाकडे बघत होता.

“सापडला!” आयोजक झाकणं नाचवत स्टेजवर, ताईसमोर आला. “दगड आहे, दगड! डफवाला बदला, आत्ता सही करतो. माझ्याकडे चांगला पोरगा आहे.”

ताई त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. “दादा नसेल तर मी गाणार नाही.”

“भावाची माया घरी ठेवा, बाई. हा धंदा आहे.”

“गाणार नाही म्हटलं ना!”

मास्तरांनी डोळे मिटले. संपलं सगळं.

तेवढ्यात आजींनी पदराने डोळे टिपले. “अरे देवा! काही ऐकू येत नाही आणि इतकं वाजवतो?” मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळा हॉल उभा राहिला. “दादा! दादा!”

आयोजक मघाशी ज्या माणसाला हाकलत होता, त्याच्याकडे आता गिऱ्हाइकाला माल दाखवावा तसा बघायला लागला. लाज नावाची वस्तू त्याच्या दुकानात नव्हतीच.

“बहिरा डफवाला,” तो पुटपुटला. “पोस्टरवर मोठ्या अक्षरात. रडायलासुद्धा तिकीट काढतात लोक.” तो दादाच्या पुढ्यात वाकला आणि तोंड वेडंवाकडं करत बोंबलला, “पोस्टर! छापू का? बहिरा! तू!”

दादाने त्याच्या ओठांकडे निरखून बघितलं. मग होकाराची मान हलवली.

सह्या झाल्या. हॉल रिकामा झाला. कामगारांनी एकेक दिवा बंद करत आणला. ताई पिशवी घेऊन पुढे चालली होती, दादा डफ काखेत मारून मागे.

“ताई!” पाठीमागच्या अंधारातून त्या कॉलेजातल्या मुलीचा आवाज आला. “एकच राहिलं! तुम्हाला स्वतःचा आवाज आवडतो का हो?”

दादा चटकन वळला.

ताई चालतच होती.

दादा धावला. तिचा दंड धरून त्याने तिला दारावरच्या दिव्याखाली आणलं, आपला चेहरा तिच्या समोर धरला आणि आवाज न काढता, ओठ नीट उघडत, तो प्रश्न सावकाश परत विचारला.

ताई हसली. अंधाराकडे तोंड करून म्हणाली, “मला काय माहीत, गं? दादा म्हणतो, अजून सुरात आहे.”