अकरा पाकळ्या आणि एक बट

पिशवीची गाठ सुटली आणि नणंदबाईंनी दोन्ही हातांनी नाक दाबले.

"अगं बाई वहिनी, यात फुलं आहेत की मेलेली घूस?"

श्वास रोखून फुलकाकूंनी पिशवी परातीत पालथी केली. काळपट, बुळबुळीत गोळा घसरत बाहेर आला आणि त्याभोवती पिवळट पाणी पसरले. देठांचा चिखल झाला होता. लिलीच्या पाकळ्यांवर बुरशी कापसासारखी फुगली होती. एका गुलाबाच्या गाभ्यातून बारीक अळ्या वळवळत परातीच्या काठाकडे निघाल्या होत्या.

तो नवरीचा गुच्छ होता. लग्नातली फुले दाबून, वाळवून चौकटीत बसवून देणे हा काकूंचा तीस वर्षांचा उद्योग होता. वधूची आई लग्नाआधीच येऊन सांगून गेली होती : गुलाब आणि लिली; माझा मुलगा बुधवारी आणून देईल; घरी कोणी नसले तर दाराच्या कडीला पिशवी अडकवून जाईल. लाडकी लेक परदेशी निघाली होती, आणि मागे आईजवळ उरणार होती ती एवढीच चौकट. काकूंनी शब्द दिला होता. आणि नेमक्या त्याच बुधवारी दोघी नणंदा-भावजया नात्यातल्या एका आजारी वृद्धेस पाहावयास गेल्या, त्या शनिवारी परतल्या. तीन दिवस पिशवी उन्हाळ्याच्या उकाड्यात कडीला लोंबकळत होती.

"फोन करून सांगून टाक," नणंदबाई म्हणाल्या.

"काय सांगू? तुमच्या लेकीचा गुच्छ माझ्या दारात सडला म्हणून?"

"मग बाजारातून ताजी आण. गुलाब तो गुलाब. त्याच्या कपाळावर का नाव लिहिलेलं असतं?"

"वन्सं, ज्याचं फूल त्याचंच. तीस वर्षांत हे मोडलं नाही."

"तीस वर्षांत असला घमघमाटही सुटला नव्हता!" असे म्हणून नणंदबाईंनी खिडक्या उघडल्या आणि स्वतःचे ताट उचलून त्या गॅलरीत जेवावयास बसल्या.

काकूंनी चिमटा हाती घेतला. तो लगदा त्या एकेक पदर करून सोडवू लागल्या. पाकळी उचलावी तर ती साईसारखी फाटे आणि तिचा चिकट अंश बोटांना लागे. दोनदा त्यांना मोरीकडे धावावे लागले. कुजकेपणाच्या तळातून आणखी एक उग्र, औषधी दर्प येत होता.

"नवरीचं अत्तर असेल," काकू म्हणाल्या.

"असलं अत्तर लावून उभी राहिली असती, तर नवरदेव मांडवातूनच पळाला असता!" गॅलरीतून उत्तर आले.

लगद्यात गुंतलेली केसांची एक लांब, काळीभोर बट काकूंच्या हाती आली. गुच्छ छातीशी धरताना मुलीचे केस त्यात अडकले असावेत. पाठवणीच्या वेळी ती मान खाली घालून रडलीही असेल. काकूंनी ती बट कोमट पाण्याने तीन वेळा धुतली आणि वेगळ्या टीपकागदात ठेवली. तळाशी एक कडक गुलाबी शकल सापडले, चंद्रकोरीसारखे. न उमललेल्या कळीचे टोक असावे, अशा समजुतीने त्यांनी तेही जपले.

पुढचे आठ दिवस त्यांनी सकाळ-संध्याकाळ टीपकागद बदलले आणि दाबाच्या फळ्यांचे स्क्रू थोडेथोडे आवळले. जेवताना घास तोंडाशी नेला की तोच वास येई. जिन्यातील शेजारी नाकावर रुमाल धरून जाऊ लागले. "लोक विचारतात, तुमच्याकडे कोणी गेलं का," नणंदबाई म्हणाल्या. काकूंनी पुन्हा हात धुतले आणि कागद बदलला.

शेवटी अकरा पाकळ्या वाचल्या. तपकिरी, जीर्ण, कडांना विरलेल्या. काकूंनी त्या पांढऱ्या कागदावर अर्धवर्तुळात मांडल्या, मधोमध ती बट वळवून बसवली आणि तिच्या टोकाशी ते गुलाबी शकल चिकटवले. नणंदबाई पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"जिंकलीस गं," त्या हळूच म्हणाल्या.

रविवारी वधूची आई आली. मुलगा खाली गाडी लावीत होता. काकूंनी चौकट तिच्यापुढे ठेवली आणि काही न लपवता सारे सांगितले.

"चूक माझी. मी घरी नव्हते. फुलं सडली. पण यातला कणही बाहेरचा नाही."

"हे केस..." बाईंनी चौकट जवळ ओढली. "माझ्या सोनीचे?"

"गुच्छातच होते. काच अजून बसवली नाही. ज्याचं फूल त्यानं आधी एकदा हात लावावा, मग मी काच लावते."

बाईंनी हात लावला नाही. त्या खाली वाकल्या, डोळे मिटले आणि त्या बटेवर ओठ टेकवले. मग त्या गुलाबी शकलावर. नणंदबाईंनी पदराने डोळे टिपले. काकूंना वाटले, आठ दिवसांचा तो किळसवाणा वास आत्ता कुठे मनातून गेला.

इतक्यात मुलगा धापा टाकीत वर आला. त्याच्या हातात पांढरा खोका होता.

"आई, चिडू नकोस हं. त्या बुधवारी मी इकडे आलोच नव्हतो, तुला उगाच हो म्हणालो. गुच्छ मित्राच्या फ्रिजमध्येच राहिला होता, हा घे." मग तो काकूंकडे वळला. "आणि काकू, खालच्या ब्यूटी पार्लरच्या ताई जिन्यात भेटल्या. त्यांची नवी बाई गेल्या आठवड्यात फुलदाणीतली कुजकी फुलं आणि फरशीवरचा केसा-नखांचा सगळा केर पिशवीत भरून चुकून तुमच्या कडीला अडकवून गेली होती म्हणे. माफी मागत होत्या. टाकून दिलीत ना?"